तीन पिढ्या, अकरा माणसे आणि चार रात्रींची सहल

यवतमाळ जिल्ह्याच्या नेर तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबातील थोरल्या सूनबाईंनी विचारले आहे की घरातील अकरा जणांना घेऊन जानेवारीअखेर चार रात्रींची सहल करायची आहे आणि ती कशी ठरवावी. घरात आबाजी ७८ वर्षांचे असून त्यांना मधुमेह आहे आणि गुडघे दुखतात. आजी ७२ वर्षांच्या आहेत. दोन भाऊ व त्यांच्या बायका, त्यांपैकी धाकटे कुटुंब नोकरीनिमित्त पुण्याला, विधवा आत्या, आणि मुले चार, १९, १४, ८ आणि ३ वर्षांची. आबाजींना शेगाव हवे आहे, मुलांना ताडोबाचा वाघ पाहायचा आहे आणि दोघी जावांना चिखलदरा. चार रात्रींत तिन्ही व्हावीत, शिवाय वाटेत लोणारही उरकावे, असा बेत घरात शिजतो आहे. कुटुंबांच्या सहली ठरवून देण्याचे काम मी बऱ्याच वर्षांपासून करतो आहे, त्या आधारावर सविस्तर लिहितो.

ताई, पहिली गोष्ट अशी की हा बेत मोडावा. ताडोबा चंद्रपूर जिल्ह्यात आहे, शेगाव बुलढाण्यात आणि चिखलदरा अमरावतीच्या उत्तर टोकाला. तुमच्या गावापासून ताडोबा एका दिशेला पडते आणि उरलेली दोन्ही ठिकाणे दुसऱ्या दिशेला. तिन्ही जोडली तर सहलीचा बहुतांश दिवस गाडीत जाईल आणि रोज नव्या ठिकाणी पथाऱ्या पसराव्या लागतील. तरुण माणसाला हे एक वेळ सोसते; ७८ वर्षांच्या मधुमेही माणसाला आणि तीन वर्षांच्या लेकराला सोसत नाही, आणि ते दोघे कोलमडले की उरलेल्या नऊ जणांची सहलही तिथेच संपते. म्हणून अशा कुटुंबाने स्थळांची यादी आधी करू नये, मुक्काम आधी ठरवावेत. चार रात्रींसाठी दोन मुक्काम पुरे आहेत. दोन रात्री शेगावला आणि दोन रात्री चिखलदऱ्याला राहावे, मधला प्रवास भर दिवसा करावा आणि ताडोबा या वेळी सोडून द्यावे.

ताडोबा सोडा असे सांगताना मुलांवर अन्याय होतो असे वाटेल, म्हणून कारण स्पष्ट करतो. जिप्सीत फार तर सहा पर्यटक बसतात, म्हणजे तुमच्या घराला दोन जिप्सी लागतील. जानेवारीत पहाटेच्या बोचऱ्या थंडीत उघड्या गाडीतून कच्च्या रस्त्याचे काही तासांचे हेलकावे आबाजींच्या गुडघ्यांना आणि आजींच्या कमरेला झेपणार नाहीत, आणि तीन वर्षांचे मूल तितका वेळ शांत बसत नाही. प्रवेशाची नोंदणी ओळखपत्रांसह आधीच करावी लागते आणि मंगळवारी जंगल बंद असते. हे सगळे अकरा जणांसाठी जुळवण्यापेक्षा तुमची कॉलेजातील मुलगी आणि चौदा वर्षांचा मुलगा यांना काकांनी पुढे कधीतरी दोन दिवसांसाठी वेगळे न्यावे, आणि ते वचन आत्ताच सगळ्यांसमोर द्यावे. जंगल मात्र त्यांना याही सहलीत मिळेल, कारण चिखलदरा मेळघाटातच आहे. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशात जी पहिली नऊ क्षेत्रे निवडली गेली त्यांत मेळघाट होते. तिथल्या डोंगराळ, दाट रानात वाघ सहसा दिसत नाही, ही गोष्ट मुलांना निघण्यापूर्वीच सांगावी; गवे, सांबर आणि सागाचे रान पाहायला निघालेले मूल हिरमुसून परतत नाही, वाघासाठी निघालेले परतते.

लोणारबद्दलही तेच. उल्कापाताने काळ्या पाषाणात झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर, त्यातले खारे पाणी आणि काठावरची जुनी देवळे खरोखर पाहण्यासारखी आहेत; २०२० मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळाचा दर्जाही मिळाला. पण विवराच्या काठावर उभे राहून खाली न उतरता परतणे मुलांना पटणार नाही, आणि उतरणे-चढणे वडीलधाऱ्यांना जमणार नाही. लोणार आणि सिंदखेडराजा मिळून एक स्वतंत्र सहल करावी.

आता वेळ. जानेवारीअखेर ही तुमची निवड मला योग्य वाटते. दिवाळीच्या सुट्टीत सोयाबीन नुकते निघालेले असते आणि कापसाचा वेचा सुरू असतो, मे महिन्यात आपल्याकडचे ऊन म्हाताऱ्यांना आणि लहानग्यांना घराबाहेर काढण्याच्या लायकीचे नसते, आणि जानेवारीअखेर तूर घरात आलेली व हरभरा उभा असतो. मुलांची शाळा चार-पाच दिवस बुडेल, तेवढे शिक्षकांना आधी सांगून ठेवावे. निघण्याचा वार मात्र विचारपूर्वक धरावा. शेगावला गुरुवारी, रविवारी आणि एकादशीला गर्दी असते, तर चिखलदऱ्याला शनिवार-रविवारी आणि २६ जानेवारीच्या सुट्टीला जोडून. सोमवारी सकाळी निघालात तर सोमवार-मंगळवार शेगाव, बुधवार-गुरुवार चिखलदरा आणि शुक्रवारी परत, असे दोन्हीकडचे गर्दीचे वार टळतात. पंचांगही पाहून घ्यावे, कारण गजानन महाराजांचा प्रकट दिन माघ वद्य सप्तमीला असतो आणि त्याच्या आसपास शेगावला पायदळ दिंड्यांची रीघ लागते. तारीख पुढे ढकलण्याची वेळ आली तर ही तिथी तेवढी टाळा.

घर मागे कोण पाहणार, हा प्रश्न सहलीच्या खर्चाआधी सोडवावा, कारण शेतकरी घराच्या सहली पैशाअभावी जितक्या रद्द होतात तितक्याच गोठ्यामुळे होतात. दुभती म्हैस परक्या हाताला पान्हा सोडत नसेल तर जो माणूस दूध काढणार आहे त्याने निघण्याच्या आठवडाभर आधीपासून रोज तिच्याजवळ बसावे. हरभऱ्यात रानडुकरे आणि रोही शिरतात, तेव्हा जागलीला कोण जाणार, रात्रीची वीज असेल तर गव्हाला पाणी कोण देणार, हे सालदाराशी किंवा शेजाऱ्याशी स्पष्ट बोलून त्याचा मोबदलाही सहलीच्या खर्चातच धरावा. हे न करता निघालेला थोरला भाऊ चारही दिवस फोनवरच असतो, आणि आजींना तर ऐन वेळी “तुम्ही जा, मी राहते घरी, म्हैस कोण पाहील” असे म्हणायला आयतेच कारण मिळते.

आजींच्या त्या वाक्याविषयी थोडे थांबून लिहितो, कारण पुष्कळ सहली तिथेच बिघडतात. म्हातारी माणसे “मला काही नको” म्हणतात तेव्हा त्यांना खरोखर काही नको असते असे नाही. आपल्यामुळे इतरांचा खोळंबा होईल, चालवणार नाही, वाटेत लघवीला कुठे जायचे, उकिडवे बसता येईल का, ही त्यांची खरी भीती असते आणि ती चारचौघांत, सुनांसमोर व नातवंडांसमोर सांगण्याचा त्यांना संकोच वाटतो. म्हणून घराच्या बैठकीत सगळ्यांसमोर विचारण्याआधी आबाजींशी त्यांच्या मुलाने आणि आजींशी तुम्ही किंवा आत्यांनी एकांतात बोलावे. “कुठे जायचे” असे न विचारता “कशाचा त्रास होईल असे वाटते” असे विचारावे. उत्तरे मिळाली की निम्मे नियोजन आपोआप होते.

त्या उत्तरांतले पहिले बहुधा संडासाचे असते. राहण्याची जागा ठरवताना फोनवर चार गोष्टी विचारा. खोली तळमजल्यावर आहे का, संडासात कमोड आहे का, तिथे ओली फरशी व निसरड्या पायऱ्या तर नाहीत ना, आणि गरम पाणी किती वाजता येते. कमोड नसेल तर मेडिकलच्या दुकानात कमोडची घडीची खुर्ची मिळते; ती गाडीत टाकावी, लाजू नये. शक्य तिथे खोल्या एकमेकींना लागून घ्याव्यात. शेगावला संस्थानचे भक्तनिवास स्वच्छ आणि परवडणारे आहेत, मात्र खोली मिळेलच असे गृहीत न धरता दुपारच्या आत पोहोचावे आणि खोल्या भरलेल्या असल्या तर गावात दुसरी जागा कोणती, हे आधीच ठरवून ठेवावे. अकरा जणांची आधारकार्डे एकाच पिशवीत, एकाच माणसाकडे असावीत.

गाडीसाठी मी दोन छोट्या गाड्यांपेक्षा एकच टेम्पो ट्रॅव्हलर सुचवेन. दोन गाड्या झाल्या की पुण्याचे एका गाडीत आणि घरचे दुसऱ्या गाडीत, अशी वाटणी नकळत होते, आणि ती टाळण्यासाठीच तर तुम्ही एकत्र निघाला आहात. गाडी पिवळ्या पाटीचीच घ्यावी. ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्त पडते, परंतु भाड्याने वापरलेल्या खासगी गाडीला अपघात झाल्यास विम्याचे पैसे मिळताना अडचण येते. वाटेत मुक्तागिरीची देवळे पाहण्याचा मोह झाला तर ते ठिकाण मध्य प्रदेशात, बैतुल जिल्ह्यात आहे हे लक्षात घेऊन परवान्याचे आधी विचारावे. पायऱ्या तिथेही पुष्कळ आहेत. ट्रॅव्हलरची पायरी उंच असते, म्हणून घरातला लाकडी पाट सोबत घ्यावा आणि आबाजींना चढता-उतरताना तो खाली ठेवावा. दाराजवळची, पाय लांब करता येतील अशी आसने त्यांना आणि आजींना द्यावीत. चालकाला रात्री झोपायला नीट जागा आणि वेळेवर जेवण मिळते आहे, हे पाहण्याची जबाबदारी एका भावाने घ्यावी.

एस.टी.चा विचार करून झाला असेल तर तोही मांडतो. राज्यात ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एस.टी.चा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे, ६५ ते ७५ वयोगटाला आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे तिकीट आहे, आणि ५ ते १२ वर्षांच्या मुलांनाही अर्धेच. तुमच्या अकरा जणांत आबाजी आणि धाकटे लेकरू मोफत, सहा जणांना अर्धे आणि तिघांनाच पूर्ण तिकीट पडेल, म्हणजे अकरा जणांचा प्रवास सहा तिकिटांत होतो. ही बचत मोठी आहे आणि नुसते शेगाव करायचे असते तर मी एस.टी.च सांगितली असती. परंतु शेगावहून चिखलदऱ्यापर्यंत गाड्या बदलत, सामान आणि लेकरे सांभाळत, गुडघे दुखणाऱ्या माणसाने जाणे मला योग्य वाटत नाही.

वाट अशी धरावी. सोमवारी सकाळी न्याहारी करून निघावे आणि कारंजा लाड येथे पहिला थांबा घ्यावा. नृसिंह सरस्वतींचे ते जन्मस्थान असल्यामुळे दर्शनही होते आणि पाय मोकळे होतात. पुढे मूर्तिजापूर, अकोला आणि शेगाव. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबलीच पाहिजे, कोणी मागो वा न मागो. आपल्याकडच्या बाया प्रवासात लघवीची सोय नाही म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि मग संध्याकाळी डोके दुखते, जळजळ सुरू होते. स्वच्छ सोय असलेला पेट्रोल पंप किंवा हॉटेल पाहून आधी बायांना उतरवावे. मंगळवारी पहाटे समाधीचे दर्शन घ्यावे. रांग लांब असेल आणि आबाजींना उभे राहवत नसेल तर मुखदर्शन घ्यावे, सेवेकऱ्यांकडे ज्येष्ठांच्या सोयीची विचारपूस करावी. शेगावचे सेवेकरी मदतीला तत्पर असतात. दुपारी महाप्रसादानंतर आजी-आबाजी झोपतील, तेवढ्यात तरुण मंडळींनी जवळच्या नागझरीला गोमाजी महाराजांच्या समाधीचे दर्शन घेऊन यावे. सगळ्यांनी सगळे पाहिलेच पाहिजे हा हट्ट तीन पिढ्यांच्या सहलीत सोडावाच लागतो. सकाळचे एक काम आणि रात्रीचे जेवण एकत्र असले की मधला वेळ ज्याचा त्याला द्यावा.

बुधवारी शेगावहून अकोट, अंजनगाव सुर्जी मार्गे परतवाड्याला यावे. तिथे हलके जेवण, अर्धा तास विश्रांती, गाडीत डिझेल, हातात थोडी रोकड आणि औषधांची राहिलेली खरेदी उरकून घ्यावी, कारण वर दुकाने मोजकी आणि मोबाइलची रेंज बेभरवशाची आहे. घाटात लहान मुलांना वांत्या होतात, म्हणून त्यांना पुढे बसवावे, मोबाइल पाहू देऊ नये आणि तेलकट खाऊ देऊ नये. अंधार पडण्याआधी वर पोहोचावे.

चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे आणि जानेवारीच्या रात्री तिथे कडाक्याची थंडी पडते. आबाजींसाठी कानटोपी, पायमोजे आणि घरची वाकळ घ्यावी. हॉटेलच्या ब्लँकेटवर विसंबू नये. पहाटेच्या थंडीत त्यांना बाहेर नेऊ नये, नऊनंतर ऊन आल्यावर निघावे. भीमकुंड, जिथे कीचकाला मारून भीमाने हात धुतले असे सांगतात, ती दरी वरूनही दिसते. पंचबोल पॉइंटवर मुलांनी हाका मारून प्रतिध्वनी ऐकावा. शक्कर तलावावर वडीलधाऱ्यांना निवांत बसता येते. देवी पॉइंटला देवीपर्यंत जाण्यास पायऱ्या उतराव्या लागतात, तेव्हा आबाजींनी वरूनच हात जोडावेत. गाविलगड हा किल्ला मात्र चौदा वर्षांच्या मुलाला आणि त्याच्या बहिणीला नक्की दाखवा. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने नागपूरकर भोसल्यांकडून तो लढून घेतला होता. आतली वाट ओबडधोबड आहे, म्हणून गुरुवारची सकाळ दोघा भावांनी मुलांसह तिथे घालवावी आणि घरच्या बायांना ती सकाळ पूर्णपणे मोकळी द्यावी.

हे मोकळेपण मी आग्रहाने मांडतो आहे. आपल्याकडे सहलीला शेगडी, सिलिंडर, पिठाचा डबा आणि पातेली सोबत नेण्याची पद्धत आहे, आणि त्यामुळे घरात भाकरी थापणाऱ्या दोघी जावा चिखलदऱ्यालाही भाकरीच थापत बसतात. गाडीत सिलिंडर नेणे धोक्याचे आहेच, पण त्याहून मोठे कारण हे आहे. पहिल्या दिवसाची शिदोरी घरून घ्यावी, दशम्या, धपाटे, ठेचा, चिवडा, आणि त्यानंतर चार दिवस चूल बंद. आबाजींच्या पथ्यासाठी हॉटेलवाल्याला ज्वारीची भाकरी आणि कमी तेलाची भाजी आदल्या रात्री सांगून ठेवली तर ती मिळते. आत्यांचेही असेच. त्या एकट्या आहेत म्हणून त्यांना मुलांच्या खोलीत, मुलांच्या उठबशीसाठी झोपवले जाते. त्यांना आजींच्या खोलीत स्वतःचा पलंग द्यावा आणि लहानग्याची पाळी आईबापांनी आळीपाळीने घ्यावी.

पैशाचे बोलणे निघण्यापूर्वी दोघा भावांनी बसून मिटवावे. एकाला महिन्याचा पगार आहे आणि दुसऱ्याच्या हातात पैसा तुरीचा चुकारा आल्यावर येतो, ही वस्तुस्थिती आहे, तेव्हा समान वाटणी दिसायला न्याय्य असली तरी ती एकाला जड जाते. माझा सल्ला असा की गाडी आणि खोल्या नोकरीवाल्याने द्याव्यात, जेवणखाण आणि मागे घर सांभाळणाऱ्यांचा मोबदला घरच्याने पाहावा, आणि आकडे दोघांतच राहावेत. वाटेतल्या खर्चासाठी एकच पाकीट करून ते कॉलेजातील मुलीकडे द्यावे. ती वहीत लिहील आणि प्रत्येक चहाला “मी देतो, मी देतो” ही ओढाताण होणार नाही. नातवंडांना आजीकडून खेळणी घ्यायची असतात, त्यासाठी आजींच्या हातात वेगळे पैसे द्यावेत, मागावे लागतील असे करू नये.

औषधांची व्यवस्था शेवटी लिहितो आहे, पण ती सर्वांत आधी करावी. निघण्यापूर्वी आबाजींची साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा आणि डॉक्टरांना प्रवासातल्या जेवणाच्या वेळा सांगून गोळ्यांच्या वेळा लिहून घ्याव्यात. औषधे सात दिवसांची घ्यावीत, निम्मी एका पिशवीत आणि निम्मी दुसऱ्या पिशवीत. इन्सुलिन असेल तर ते गाडीच्या काचेजवळच्या उन्हात ठेवू नये आणि बर्फालाही थेट लावू नये. दर्शनाच्या रांगेत जेवण लांबते, तेव्हा साखर उतरण्याचा धोका असतो. एकाच्या खिशात कायम बिस्किटे आणि साखर असावी आणि घाम, थरथर, बडबड ही लक्षणे चौदा वर्षांच्या मुलालाही शिकवून ठेवावीत. आजी-आबाजी दोघेही सत्तरीपुढचे आहेत, त्यामुळे त्यांची आयुष्मान कार्डे काढली नसतील तर ती आधी काढून सोबत घ्यावीत. चिखलदऱ्याला ग्रामीण रुग्णालय आहे, खाली अचलपूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत मिळते. रेंज नसेल तर हॉटेलवाल्याकडून फोन लावता येतो का, हे पहिल्याच संध्याकाळी विचारून घ्यावे.

शुक्रवारी दहाच्या सुमारास घाट उतरायला लागा, अमरावतीला जेवण करून आजींची इच्छा असेल तर अंबादेवीचे दर्शन घ्या आणि दिवेलागणीच्या आत घर गाठा. पुण्याच्या मंडळींनी त्याच रात्रीची गाडी धरू नये, शनिवारी घरी मुक्काम करून रविवारी निघावे. या आठवड्यात तुम्ही एवढेच करा: आजींशी एकांतात बोला, म्हशीचे दूध काढणारा माणूस नक्की करा आणि चिखलदऱ्याच्या दोन-तीन ठिकाणी फोन करून तळमजल्याची खोली व कमोड विचारा. या तीन गोष्टी जमल्या की मगच गाडीची बयाणा रक्कम द्या.